विंडोज १० राहू द्यायचं की ११ टाकायचं? खान्देशातल्या घरच्या कॉम्प्युटरसाठी सविस्तर मार्गदर्शन

विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तेव्हापासून जळगाव, धुळे, नंदुरबारकडे ज्यांच्या घरी पाच-दहा वर्षांचा कॉम्प्युटर आहे, त्यांना दोन टोकाची उत्तरं ऐकायला मिळतात. घरातलं वडीलधारं माणूस म्हणतं, "चाली ऱ्हायनं ना, मंग कसाले?" आणि दुकानदार म्हणतो, "जुना झाला भाऊ, आता नवाच घ्या." दोन्ही उत्तरं तो कॉम्प्युटर न बघताच दिलेली असतात.

माझं मत आधीच सांगतो. हा निर्णय तारखेवरून घ्यायचा नाही आणि कॉम्प्युटरच्या वयावरूनही नाही. दोन गोष्टी बघायच्या. या कॉम्प्युटरवरून पैशाचे व्यवहार होतात का? आणि त्याला जोडलेल्या वस्तू, त्याच्यावरचे प्रोग्रॅम नव्या विंडोजवर चालतील का? या दोन्हींची उत्तरं एका संध्याकाळी मिळतात. ती मिळेपर्यंत कोणाच्याही सांगण्यावरून कॉम्प्युटर फॉरमॅटला देऊ नका.

सपोर्ट संपला म्हणजे नेमकं काय झालं

कॉम्प्युटर बंद पडत नाही. फायली उघडतात, प्रिंट निघते, इंटरनेट चालतं. बंद होतात ते दर महिन्याचे सुरक्षा अपडेट. विंडोजमध्ये चोराला शिरता येईल अशा चुका सतत सापडत असतात आणि मायक्रोसॉफ्ट दर महिन्याला त्या दुरुस्त करतं. १० आणि ११ यांचा बराचसा कोड एकच आहे. त्यामुळे ११ साठी दुरुस्ती निघाली की ती उलगडून बघणाऱ्याला १० मध्ये कुठे भोक उरलंय हेही कळतं. म्हणून अपडेट न मिळणारा कॉम्प्युटर पहिल्या महिन्यात फारसा धोक्यात नसतो, पण धोका महिन्यागणिक साचत जातो.

हे किती खरं आहे ते मे २०१७ मध्ये जगाने पाहिलं. वॉनाक्राय नावाच्या व्हायरसने लाखो कॉम्प्युटरवरच्या फायलींना कुलूप लावलं आणि त्या सोडवायला पैसे मागितले. तो ज्या चुकीतून शिरला तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिली होती. ज्यांनी दोन महिन्यांत अपडेट घेतलं नाही किंवा ज्यांना ते मिळतच नव्हतं, त्यांचे कॉम्प्युटर सापडले.

घरी अजून विंडोज ७ असेल तर त्याचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० लाच संपला आहे आणि क्रोमही २०२३ पासून त्याच्यावर नव्या आवृत्त्या देत नाही. त्या कॉम्प्युटरवरून बँकेचं काम आजच थांबवा. विंडोज ७ च्या जुन्या कीवर (अ‍ॅक्टिव्हेट करण्याच्या नंबरवर) १० किंवा ११ चालू करून घेण्याची सोयही मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केली. त्यामुळे तिथे थेट लिनक्स (विंडोजच्या जागी टाकता येणारी फुकट प्रणाली) किंवा नवा कॉम्प्युटर, असाच विचार करावा लागतो.

पहिलं काम: कागद घ्या

घरातल्या सगळ्यांना विचारून या कॉम्प्युटरवर काय काय होतं ते लिहून काढा. आपल्याकडे घरचा कॉम्प्युटर निव्वळ घरचा क्वचितच असतो. मुलगी विद्यापीठाचा परीक्षा फॉर्म भरते, वडील पीकविम्याचा अर्ज, सातबारा आणि महाडीबीटी बघतात, काकांच्या आडत दुकानाचा किंवा कृषी केंद्राचा हिशेबही त्यातच असतो. आई त्यावर गेल्या दहा वर्षांचे लग्नाचे फोटो बघते, आणि खरं तर सगळ्यात मौल्यवान तेच असतं.

प्रत्येक कामापुढे लिहा: हे ब्राउझरमध्ये होतं, की त्यासाठी वेगळा प्रोग्रॅम लागतो? जे ब्राउझरमध्ये होतं त्याची काळजी करू नका, ते कुठल्याही विंडोजवर आणि बहुतेकदा लिनक्सवरही होईल. वेगळ्या प्रोग्रॅमची कामं एका बाजूला काढा. आणि जिथे पैसा, आधार किंवा बँकेचा पासवर्ड येतो, त्या कामावर ठळक खूण करा. त्या खुणेवर पुढचा निम्मा निर्णय ठरतो.

दुसरं काम: यंत्र तपासा

कीबोर्डवरची विंडोजची कळ आणि आर एकदम दाबा. छोटी चौकट उघडते. तिच्यात डब्ल्यू, आय, एन, व्ही, ई, आर ही इंग्रजी अक्षरं सलग टाइप करून एंटर मारा. तुमच्याकडे कुठली विंडोज आणि तिची कुठली आवृत्ती आहे ते दिसेल. विंडोज १० असेल तर आवृत्ती २२एच२ असायला हवी. ती १० ची शेवटची आवृत्ती आहे. त्याहून जुनी असेल तर पहिल्यांदा ते अपडेट करून घ्या.

आता सेटिंग्जमध्ये सिस्टम, त्यात अबाउट उघडा. इथल्या तीन ओळी कागदावर उतरवा: प्रोसेसर, रॅम, आणि सिस्टम ३२ बिट आहे की ६४ बिट.

विंडोज ११ ला ४ जीबी रॅम, ६४ जीबीची डिस्क, टीपीएम २.० ही सुरक्षा चिप, सिक्युअर बूट असलेलं यूईएफआय (नव्या पद्धतीचं बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणारा मदरबोर्डवरचा प्रोग्रॅम) आणि यादीतला ६४ बिट प्रोसेसर लागतो. यातला खरा अडसर प्रोसेसरचा असतो. इंटेल कोअर असेल तर आय३, आय५ च्या पुढच्या आडव्या रेघेनंतरचा आकडा बघा. चार आकडी असेल तर पहिला अंक म्हणजे पिढी: ८२५० ही आठवी, ६२०० ही सहावी. पाच आकडी असेल, किंवा चार आकडी असूनही १ ने सुरू होत असेल, तर पहिले दोन अंक म्हणजे पिढी: १० म्हणजे दहावी, ११ म्हणजे अकरावी. आठवी आणि पुढची चालते. सातवीतले मोजके प्रोसेसर सोडले तर त्याआधीची चालत नाही. एएमडीमध्ये साधारण रायझन २००० मालिकेपासून पुढे बघा. हिशेब नको असेल तर मायक्रोसॉफ्टचा पीसी हेल्थ चेक हा मोफत प्रोग्रॅम चालवा. काय कमी पडतंय ते तो नावानिशी सांगतो.

इथे एक गोष्ट फार जणांची फसगत करते. प्रोसेसर चालण्यासारखा असतो, पण हेल्थ चेक म्हणतो टीपीएम सापडलं नाही. अशा वेळी बहुतेकदा ते असतं, फक्त बायोसमध्ये बंद ठेवलेलं असतं. इंटेलच्या बायोसमध्ये त्याला पीटीटी म्हणतात, एएमडीच्या बायोसमध्ये एफटीपीएम. ते चालू केलं की अडचण संपते. दुकानात असेंबल केलेल्या डेस्कटॉपमध्ये हे हमखास दिसतं. "चिप नाही, मदरबोर्ड बदलावा लागेल" असं कोणी सांगितलं, तर आधी बायोसमध्ये ही नोंद समोर उघडून दाखवायला सांगा. विंडोज जुन्या लेगसी पद्धतीने बसवलेली असेल तर यूईएफआयवर जाण्याआधी डिस्कची मांडणी बदलावी लागते. तेही फॉरमॅट न करता होतं, पण बॅकअप घेतल्याशिवाय त्याला हात लावू नका.

शेवटी टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स उघडून डिस्कवर क्लिक करा. एसएसडी (चिपवरची वेगवान डिस्क) लिहिलंय की एचडीडी (जुनी फिरती हार्डडिस्क), ते नोंदवा. कॉम्प्युटर हळू चालतो अशी तक्रार असलेल्या घरांत नव्वद टक्के दोष विंडोजचा नसतोच, असं मी अंदाजाने पण ठामपणे म्हणेन. जुनी फिरती हार्डडिस्क आणि ४ जीबी रॅम हीच दोन कारणं असतात. त्यावर नवी विंडोज टाकली तर ती आणखी अडखळते.

तिसरं काम: जोडलेल्या वस्तू आणि जुने प्रोग्रॅम

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं आणि सगळ्यात कमी विचारही इथेच होतो.

विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येते. आज तुमच्याकडे ३२ बिट विंडोज असेल तर प्रिंटर, स्कॅनर, अंगठ्याचं मशीन यांचे ३२ बिट ड्रायव्हर (वस्तू आणि विंडोज यांचा मेळ घालणारे छोटे प्रोग्रॅम) ११ वर चालणार नाहीत. प्रत्येक वस्तूच्या पोटावरचा मॉडेल नंबर वाचा, तिच्या कंपनीच्या साइटवर जा आणि विंडोज ११, ६४ बिट निवडून ड्रायव्हर आहे का ते बघा. "दुसऱ्या कोणाकडे चालतो" हा पुरावा मानू नका, त्यांचं मॉडेल थोडं वेगळं असू शकतं. ड्रायव्हर मिळाला की लगेच उतरवून पेनड्राइव्हवर ठेवा.

जिल्ह्याच्या बाजार समितीतल्या आडत दुकानांत, जिनिंगमध्ये, जुन्या किराणा घराण्यांत डॉसवर लिहिलेले हिशेबाचे प्रोग्रॅम अजून चालतात. काळा किंवा निळा पडदा, माउस नाही, सगळं काम कीबोर्डवर. ते लिहिणारा माणूस आता भेटत नाही, आणि वर्षानुवर्षांच्या पट्ट्या आणि उधाऱ्या त्यातच असतात. असे १६ बिट प्रोग्रॅम ३२ बिट विंडोज १० वर चालतात, ६४ बिट विंडोजवर उघडतच नाहीत. तुमच्या यादीत असा प्रोग्रॅम असेल तर त्या कॉम्प्युटरवर विंडोज ११ टाकायचं नाही, बास. तो कॉम्प्युटर आहे तसा ठेवा, इंटरनेटची वायर काढा, वायफाय बंद करा, आणि फक्त हिशेबासाठी वापरा. डेटाची प्रत दर आठवड्याला वेगळ्या डिस्कवर घ्या. बँकेचं काम दुसऱ्या यंत्रावर न्या. आणि पुढच्या आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला, म्हणजे १ एप्रिलला, नव्या प्रोग्रॅममध्ये खाती सुरू करण्याची तयारी आतापासून करा. वर्षाच्या मधे हिशेब हलवण्यात विनाकारण त्रास होतो.

टॅली वापरत असाल तर तुमची आवृत्ती आणि लायसन्स नव्या विंडोजवर चालेल का हे विक्रेत्याला विचारा, आणि विंडोज बदलण्याआधी लायसन्स सरेंडर करून ठेवा. डिजिटल सहीचा टोकन असेल, म्हणजे जीएसटी किंवा टेंडरसाठी यूएसबीत घालायची ती काडी, तर तिचा ड्रायव्हर आणि पासवर्ड आधी शोधा. पासवर्ड आठवत नसताना विंडोज बदलून बसलात आणि रिटर्नची शेवटची तारीख उद्यावर आली, तर कोणी वाचवू शकत नाही. ऑफिसचंही बघा: ऑफिस २०१६ आणि २०१९ यांचा सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपला. ते ११ वर चालतात, पण दुरुस्त्या मिळत नाहीत. घरच्या पत्रासाठी, शाळेच्या प्रोजेक्टसाठी मोफत लिबरऑफिस पुरतं.

मराठी टायपिंग आणि फॉन्ट

याला मी मुद्दाम वेगळी जागा देतो, कारण इंग्रजीत लिहिलेल्या कुठल्याही मार्गदर्शनात हे येत नाही.

तुमच्या मराठी फायली दोन प्रकारच्या असू शकतात. युनिकोडमधल्या, ज्या मोबाइलवरही नीट वाचता येतात. आणि जुन्या फॉन्टमधल्या, म्हणजे श्रीलिपी, कृतिदेव वगैरे, ज्या फॉन्ट नसला की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसतात. पत्रिका, लेटरहेड, ग्रामपंचायतीचे ठराव, शाळेचे दाखले अशा जुन्या फायली दुसऱ्या प्रकारच्या निघण्याची शक्यता मोठी असते. ओळखायला सोपं आहे: फायलीतला एक परिच्छेद कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅप वेबवर स्वतःलाच पाठवा. मराठी दिसलं तर युनिकोड.

जुन्या फॉन्टच्या फायली असतील तर सी ड्राइव्हमधल्या विंडोज फोल्डरमधलं फॉन्ट्सचं फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवा. ज्याने फॉरमॅट केलं त्याने डॉक्युमेंट्स वाचवली पण फॉन्ट गेले, अशी घरं पुष्कळ आहेत. डाँगलवर (यूएसबीत लावायच्या परवान्याच्या काडीवर) चालणारं मराठी सॉफ्टवेअर असेल तर त्याचा डाँगल ६४ बिट विंडोज ११ वर ओळखला जातो का, हे कंपनीला फोन करून विचारा. जुनी आवृत्ती असेल तर बहुतेकदा पैसे भरून नवी घ्यावी लागते, आणि तो खर्च निर्णयात धरायला हवा.

युनिकोडवाल्यांसाठी एक छोटी गोष्ट. विंडोज १० आणि ११ मध्ये मंगल, कोकिळा, अपराजिता, उत्साह हे फॉन्ट सुरुवातीपासून बसवलेले नसतात. निर्मला तेवढा असतो. नव्याने विंडोज टाकल्यावर मंगलमधली फाइल वेगळीच दिसू लागते, ओळी खाली-वर होतात आणि माणूस घाबरतो. सेटिंग्जमध्ये भाषा विभागात जाऊन मराठी जोडली की हे फॉन्ट उतरतात. तिथेच मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड मिळतो, आणि इंग्रजी अक्षरांवरून टाइप करणाऱ्यांसाठी मराठी फोनेटिकही. त्यासाठी कुठलं वेगळं सॉफ्टवेअर विकत घ्यायची गरज नाही.

आता निर्णय

कागदावर तीन गोष्टी जमल्या: कामं, यंत्र, वस्तू. यंत्र ११ ला पात्र आहे, एसएसडी आहे, रॅम ८ जीबी किंवा जास्त आहे आणि वस्तूंचे ड्रायव्हर मिळाले, तर विचार करत बसू नका, ११ घ्या. अधिकृत विंडोज १० वरून ते फुकट आहे.

यंत्र पात्र आहे पण ४ जीबी रॅम आणि जुनी हार्डडिस्क असेल, तर क्रम उलटा करा. आधी एसएसडी, मग रॅम, मग विंडोज. मायक्रोसॉफ्टची ४ जीबीची अट म्हणजे चालू होण्यापुरती अट. क्रोममध्ये चार पानं उघडून एखादी फाइल टाइप करायची तर ८ हवेत. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर एसएसडी घ्या. फरक पहिल्या मिनिटात दिसतो.

यंत्र पात्र नाही, पण अजून नीट चालतं आणि त्यावर पैशाची कामं होतात, अशी परिस्थिती बहुसंख्य घरांत असेल. यासाठी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट देण्याची सोय केली आहे. तिला ईएसयू म्हणतात. तीन मार्ग आहेत: कॉम्प्युटरच्या सेटिंग्ज विंडोज बॅकअपमधून मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर सिंक केल्या तर फुकट, किंवा मायक्रोसॉफ्ट रिवॉर्ड्सचे १००० पॉइंट, किंवा ३० डॉलरच्या आसपासची रक्कम. घरच्या माणसासाठी पहिला मार्गच योग्य. आवृत्ती २२एच२ हवी, मायक्रोसॉफ्ट अकाउंट हवं, आणि ते अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं हवं. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट उघडलं की उजवीकडे किंवा खाली एनरोल असा दुवा दिसतो. फोटो-डॉक्युमेंट्सचं सिंक मात्र बंद ठेवा, कारण फुकट जागा ५ जीबीच असते आणि ती भरली की पैसे मागणाऱ्या सूचना सुरू होतात. लक्षात घ्या, यात फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात. ही मुदत नवा कॉम्प्युटर घ्यायला पैसे जमवण्यासाठी वापरा. कापूस विकल्यावर किंवा केळीचं पेमेंट आल्यावर घ्यायचं ठरवायला तेवढा अवधी पुरतो.

चौथी वाट दुकानात फार सहज सुचवली जाते: पात्रतेची तपासणी चुकवून जुन्या कॉम्प्युटरवर ११ टाकणं. होतं ते, पण मी ती घेऊ नका असं स्पष्ट सांगतो. मायक्रोसॉफ्टने अशा कॉम्प्युटरला अपडेट मिळण्याची हमी नाकारली आहे. वर्षातून एकदा येणारी मोठी आवृत्ती त्यावर आपोआप येत नाही, पुन्हा तोच खटाटोप करावा लागतो. तो केला नाही तर जुन्या आवृत्तीचा सपोर्ट संपतो. २३एच२ ही आवृत्ती घरगुती वापरासाठी ११ नोव्हेंबर २०२५ लाच संपली. म्हणजे नाव ११, पण अवस्था १० सारखीच. २४एच२ पासून तर प्रोसेसरला काही ठरावीक आज्ञा कळत नसतील तर विंडोज सुरूच होत नाही, त्यामुळे कोअर टू ड्युओच्या काळातले कॉम्प्युटर कायमचे बाद झाले. त्याच बरोबर चोरून अ‍ॅक्टिव्हेट करणारा छोटा प्रोग्रॅमही बसवला जातो. तो चालावा म्हणून अँटिव्हायरस बंद करायला लावतात. ज्या कॉम्प्युटरवरून तुम्ही बँकेत शिरता त्यावर हे होऊ देऊ नका.

पाचवी वाट लिनक्सची. कामं सगळी ब्राउझरमधली असतील, टॅली आणि सहीचा टोकन नसेल, तर लिनक्स मिंट मनापासून करून बघण्यासारखी आहे. ती फुकट आहे. २ जीबी रॅमवर सुरू होते, ४ जीबीवर बरी चालते, आणि २०२४ मध्ये आलेल्या २२ या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. पेनड्राइव्हवरून चालवून बघता येते, डिस्कवरचं काही न पुसता. तेवढ्यात वायफाय चालतं का, आवाज येतो का, प्रिंटर सापडतो का, मराठी टाइप होतं का ते तपासा. घराघरांतल्या काही स्वस्त लेझर प्रिंटरना लिनक्सवर चालवणं जिकिरीचं होतं, म्हणून प्रिंट काढून बघितल्याशिवाय बसवू नका.

वापरलेला कॉम्प्युटर घ्यायचा असेल तर दुकान जळगावच्या गोलाणी मार्केटमधलं असो की शहाद्याच्या बसस्टँडजवळचं, हे विचारा: प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा पुढचा आहे का, एसएसडी आहे का, विंडोज अस्सल आहे का, आणि पक्कं बिल मिळेल का. पिढी स्वतः अबाउटमध्ये वाचा. वरच्या स्टिकरवर विसंबू नका.

बॅकअप

हा टप्पा गाळून कुठलीच वाट धरायची नाही. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स हे सगळे घेतातच. विसरतात ते हे: टॅलीच्या डेटाचं फोल्डर, सी ड्राइव्हवर थेट ठेवलेली फोल्डर, फॉन्ट, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि बुकमार्क, आणि दुसऱ्या युजरच्या नावाखालच्या फायली. घरात दोघांचे वेगवेगळे लॉगिन असतील तर दोन्हीत शिरून बघा.

बॅकअप बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्या. त्याच डिस्कच्या डी ड्राइव्हवर घेतलेली प्रत बॅकअप नसते, डिस्क गेली की दोन्ही जातात. प्रत झाल्यावर ती डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून चार-पाच फायली उघडून बघा: एक फोटो, एक मराठी फाइल, एक पीडीएफ. मग ती काढून कपाटात ठेवा. काम चालू असताना जोडून ठेवू नका, चुकीची डिस्क फॉरमॅट होण्याचे प्रकार असेच घडतात.

प्रत्यक्ष काम: वीज, उन्हाळा, डेटा

मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या आसपास जातो. त्या दुपारी धूळ भरलेल्या पंख्याच्या कॉम्प्युटरला तासाभराचं जड काम लावू नका. आधी पंखा साफ करा आणि पहाटे किंवा रात्री सुरू करा.

विजेचं आधी बघा. अपग्रेडचा एक भाग असा असतो की कॉम्प्युटर दोन-तीनदा स्वतः बंद-चालू होतो, आणि तेव्हा वीज गेली तर कधी विंडोज मागे फिरते, कधी अर्धवट अडकते. डेस्कटॉपचा साधा यूपीएस दहा-पंधरा मिनिटं देतो, तेवढ्याने भागत नाही. इन्व्हर्टर असेल तर त्यावर घ्या. लॅपटॉप पूर्ण चार्ज करून चार्जर लावूनच ठेवा. वळवाच्या पावसाची चिन्हं असतील त्या संध्याकाळी सुरूच करू नका. बायोस अपडेट करायचं असेल तर जास्तच जपा, कारण त्याच्या मधे वीज गेली तर मदरबोर्डच निकामी होऊ शकतो.

डेटा ५-६ जीबीच्या वर लागतो. मोबाइलच्या दिवसाला दीड-दोन जीबीच्या पॅकवर हे होणार नाही. गावात ज्याच्याकडे फायबर आहे त्याच्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल उतरवा आणि किमान ८ जीबीच्या रिकाम्या पेनड्राइव्हवर विंडोज बनवून आणा. दुसरीकडून मिळालेली, कोणीतरी "सगळं टाकून" बनवलेली पेनड्राइव्ह वापरू नका.

चालू विंडोजच्या आतून सेटअप चालवलं आणि फायली-अ‍ॅप ठेवा हा पर्याय निवडला, तर सगळं जागेवर राहतं. पहिल्यांदा हेच करा. सगळं पुसून नव्याने टाकणं तेव्हाच, जेव्हा जुन्या विंडोजमध्ये व्हायरस किंवा चोरीचे प्रोग्रॅम आहेत, किंवा आज ३२ बिट आहे. ३२ वरून ६४ ला दुसरा रस्ता नाही.

नव्याने टाकताना विंडोज ११ होम इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंट मागते. ते अकाउंट तुमच्याच ईमेल आणि तुमच्याच मोबाइल नंबरवर हवं. २४एच२ पासून अशा नव्या बसवणुकीत डिस्क आपोआप एन्क्रिप्ट (कुलूपबंद) होते आणि तिची रिकव्हरी की त्या अकाउंटमध्ये जाऊन बसते. घाईत दुकानातल्या पोराने स्वतःचा ईमेल टाकला, तर तुमच्या डिस्कची किल्ली त्याच्याकडे राहते. पुढे कधी बायोस बदललं आणि निळ्या पडद्याने ४८ आकडी की मागितली, की ती तुमच्याकडे नसते. काम झाल्यावर अकाउंटमध्ये शिरून ती की कागदावर उतरवा आणि सातबारा-खरेदीखताच्या फायलीत ठेवा.

पहिले १० दिवस

अपग्रेड केल्यावर जुनी विंडोज १० दिवस राखून ठेवलेली असते. सेटिंग्ज, सिस्टम, रिकव्हरी इथे गो बॅक दाबलं की परत जाता येतं. नव्याने फॉरमॅट करून टाकलं असेल तर ही सोय नसते. या दिवसांत "जागा मोकळी करा" म्हणणारं काहीही चालवू नका, त्यात जुनी विंडोज पुसली जाते.

पहिल्याच दिवशी कागद पुन्हा काढा आणि प्रत्येक काम एकदा करून बघा. नुसतं प्रिंटर दिसतो म्हणून पुढे जाऊ नका, पान छापा. स्कॅन करा. टोकन लावून सही करा. टॅली उघडून मागच्या महिन्याचं एक बिल काढा. जुन्या फॉन्टमधली पत्रिका उघडा. लॅपटॉप झाकून परत उघडा, वायफाय परत जोडलं जातं का बघा. वडिलांना त्यांचा अर्ज त्यांच्या हाताने भरू द्या. स्टार्ट बटण मधे गेलं की त्यांना काहीच सापडत नाही. टास्कबार सेटिंग्जमधून ते डावीकडे आणून द्या. एखादी वस्तू चालत नसेल तर दोन दिवस ड्रायव्हर शोधा, नाही जमलं तर दहावा दिवस उलटण्याआधी मागे या आणि ईएसयू घ्या.

याच काळात फोन येऊ शकतात: "मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय, तुमच्या विंडोजची मुदत संपली, हे अ‍ॅप टाका." मायक्रोसॉफ्ट असे फोन करत नाही. फोन ठेवा. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर कळवा, पहिल्या काही तासांत रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त असते.

सगळं ठीक चाललं आणि जुना कॉम्प्युटर विकायचा किंवा कोणाला द्यायचा असेल, तर नुसतं डिलीट करू नका. सेटिंग्जमधल्या रिसेट धिस पीसीमध्ये सगळं काढून टाका निवडा आणि पुढे ड्राइव्ह साफ करण्याचा पर्याय चालू करा. फिरत्या डिस्कला त्यात काही तास लागतात. डिस्क बिघडलेली असेल तर ती भंगारात देण्याआधी काढून स्वतःकडे ठेवा, आणि जुन्या कॉम्प्युटरवरचं मायक्रोसॉफ्ट अकाउंट व ब्राउझरचं लॉगिन दुसऱ्या यंत्रावरून साइन आउट करून घ्या.